पक्ष काढायचा की धाक ठेवायचा?

(बीड जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून एकाच ठरावावर बोलणे चालू आहे. संघटनेने आता स्वतःचा पक्ष काढावा आणि येत्या विधानसभेला गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी या सहाही जागा लढवाव्यात, असा ठराव तीन तालुक्यांनी आणला आहे. दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभे राहायचे, असे ठराव मांडणाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यांचा राग खरा आहे. सरकारने २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आपल्या रानात बोंडे धरत असताना, परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर काढून टाकला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी होऊन कापूस घरात येतो, नेमके तेच महिने. एका हाताने भाव लिहायचा आणि दुसऱ्या हाताने पुसायचा. अशा वेळी सभागृहात आपला माणूस हवा होता असे कोणाला वाटणार नाही? मलाही वाटते.

तरीही मी या ठरावाच्या विरोधात बोलायला उभा आहे. आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कोणाचा गैरसमज नको.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. नवे बियाणे आपल्या रानात टाकण्याआधी ते दुसऱ्याच्या रानात कसे उगवले ते पाहून यावे, एवढे एक त्या शिक्षणाने शिकवले. चळवळीतून पक्ष काढायचा हे बियाणे विलायतेत जुने आहे. मते मोजण्याची आपली पद्धतही तिकडूनच आली: मतदारसंघात ज्याला एक मत जास्त तो निवडून आला, बाकीच्यांची मते मातीत. म्हणून आधी तिकडचे रान पाहू, मग आपल्या बांधावर येऊ.

ज्यांचा पक्ष होता ते

इंग्लंडच्या कामगार संघटनांनी १९०० साली ठरवले की पार्लमेंटात आपली माणसे पाठवायची. १९०६ साली त्याचे नाव मजूर पक्ष झाले. पैसा संघटनांचा, माणसे संघटनांची. खाणकामगारांची संघटना त्यातली एक मोठी. आणि याचा काही उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. १९४५ साली पक्षाला बहुमत मिळाले, १ जानेवारी १९४७ रोजी कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, १९४८ साली साऱ्या देशाला मोफत दवाखाना मिळाला. पक्ष काढावा म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण खुशाल द्यावे.

पण पुढचे पीकही पाहिले पाहिजे. १९७९ साली थॅचरबाई सत्तेवर आल्या. मार्च १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळाने २० खाणी बंद करण्याचे जाहीर केले. साधारण २० हजार लोकांच्या पोटावर पाय. खाणकामगारांनी संप पुकारला. तो एक वर्ष चालला. वर्षभर पगार नाही, बायकांनी गावोगाव सामुदायिक चुली पेटवल्या, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. सरकारने वीजकेंद्रांवर कोळशाचे ढीग आधीच लावून ठेवले होते. सगळ्या देशाचे मतदान न घेता संप पुकारला म्हणून नॉटिंगहॅमशायरचे बहुतेक कामगार कामावर जात राहिले. म्हणजे संघटनेतही फूट.

आणि त्यांचा पक्ष? पक्षाचे नेते होते नील किनॉक. स्वतः वेल्समधल्या खाणकामगाराचे पोर. त्यांना धड संपाच्या बाजूने उभे राहता येईना, धड विरोधात जाता येईना. मतदान घेतले नाही हे त्यांना पटत नव्हते, दगडफेक पटत नव्हती, आणि शहरातला मध्यमवर्गीय मतदार संपाला कंटाळला होता. मार्च १९८५ मध्ये काहीही समझोता न होता कामगार परत कामावर गेले. त्यानंतर खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या. जमिनीखालची शेवटची मोठी खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

किनॉक वाईट माणूस होता असे मला म्हणायचे नाही. पक्षाचा हिशेबच वेगळा असतो. पक्षाला कांदा पिकवणाऱ्याचे मत लागते तसे कांदा विकत घेणाऱ्याचेही लागते. जिनिंगवाल्याचे लागते आणि त्याला कापूस घालणाऱ्याचेही लागते. संघटनेला एकाच बाजूने बोलता येते, पक्षाला येत नाही. उद्या मी पक्षाचा उमेदवार झालो की बीडच्या बाजारपेठेत मला ज्वारी स्वस्त झाली पाहिजे असे बोलावे लागेल, आणि पाटोद्याला जाऊन महाग झाली पाहिजे असे.

मजूर पक्षाने १९९५ साली आपल्या घटनेतले सरकारी मालकीचे कलम काढून टाकले. १९९७ साली टोनी ब्लेअर ४३ टक्के मतांवर ६५९ पैकी ४१८ जागा घेऊन निवडून आले. थॅचरबाईंनी संपावर घातलेली मुख्य बंधने त्यांनी तशीच ठेवली. खाणकामगारांच्या वर्गणीवर वाढलेला पक्ष राजा झाला, तोवर खाणकामगार हातावर मोजण्याइतके उरले होते.

ज्यांचा पक्ष नव्हता ते

त्याच देशात शेतकऱ्यांचीही एक संघटना आहे. १९०८ साली सुरू झालेली नॅशनल फार्मर्स युनियन. तिने आपला पक्ष काढून सत्ता मागितली नाही. पण १९४७ साली तिथे शेतीचा कायदा झाला. गहू, बार्ली, बटाटा, बीट, दूध, अंडी, जनावरे, अशा मुख्य मालाला सरकारने हमी द्यायची, आणि ती दर वर्षी शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसोबत बसून, खर्चाचे आकडे मांडून ठरवायची. हे नीट ऐका. भाव ठरवताना शेतकऱ्याला समोर बसवणे त्यांच्या कायद्यातच आले. आपल्याकडे १९६५ पासून भाव सुचवणारा आयोग आहे, पण हमीभावाला कायद्याचा आधार नाही.

हा कायदा आणणारा मंत्री कोण होता? टॉम विल्यम्स, मजूर पक्षाचा, एके काळचा खाणकामगार. ज्या पक्षाची मते शहरात आणि कारखान्यांत होती त्या पक्षाने शेतकऱ्याला भावाची हमी दिली. १९५१ साली सरकार बदलले, विरोधी पक्ष सत्तेवर आला, तरी हमी राहिली. उलट १९५७ च्या कायद्याने एका वर्षात एकूण हमी अडीच टक्क्यांपेक्षा जास्त कमी करायची नाही असे बंधन घातले. १९७३ साली देश युरोपच्या सामाईक बाजारात गेला तेव्हा ही पद्धत संपत आली.

आता खरे ते सगळे सांगितले पाहिजे. ही हमी केवळ संघटनेच्या हुशारीने मिळाली नाही. महायुद्धात बोटी बुडत होत्या, बाहेरचे धान्य येत नव्हते. रेशन १९५४ पर्यंत चालू होते. देशाला शेतकऱ्याची गरज होती. शिवाय विरोधी पक्षात मोठे जमीनदार होतेच. पण गरज पडली तेव्हा संघटना दोन्ही पक्षांशी बोलू शकत होती, कारण ती दोघांपैकी कोणाचीच प्रतिस्पर्धी नव्हती. तिचा झेंडा कोणाच्या झेंड्याच्या आड येत नव्हता. मला सांगायचे आहे ते एवढेच.

बुरबुर आणि वाफसा

कोणी म्हणेल, आपण दुसऱ्याचा पक्ष नको, अगदी नवा, स्वच्छ पक्ष काढू. तोही प्रयोग तिकडे झाला. १९८१ साली मजूर पक्षातले चार मोठे नेते बाहेर पडले, त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि जुन्या लिबरल पक्षाशी आघाडी केली. वर्तमानपत्रे डोक्यावर घेऊन नाचली. १९८३ ची निवडणूक आली. आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली. चार मतदारांमागे एक! जागा किती? ६५० पैकी २३. मजूर पक्षाला २७.६ टक्के मते आणि २०९ जागा. थॅचरबाईंना ४२.४ टक्के मते आणि ३९७ जागा. हिशेब केला तर थॅचरबाईंना एक जागा साधारण ३३ हजार मतांत पडली, मजूर पक्षाला ४० हजारांत, आणि आघाडीला एका जागेसाठी ३ लाख ३८ हजार मते मोजावी लागली. वेल्समधल्या एका छोट्या पक्षाला साऱ्या देशात अर्धा टक्काही मते नव्हती, पण ती एका पट्ट्यात होती. त्याच्या दोन जागा आल्या.

हे आपल्याला समजायला शाळा शिकायची गरज नाही. जूनमध्ये रोज अडीच मिलिमीटर बुरबुर पडली तर महिनाअखेर मंडळाच्या कागदावर ७५ मिलिमीटरची नोंद होते. पण तिफण चालते का? वरची माती ओली, खाली बोटभर उकरले की फुफाटा. वाफसा होत नाही. तोच ७५ मिलिमीटर दोन दिवसांत पडू द्या, गाव पेरणीला लागते. विलायतेची मतपेटी असो की बीडची, तिला बुरबुर चालत नाही. तिला वाफसा लागतो.

लिबरलवाले हे पुढे शिकले. १९९२ साली त्यांना १७.८ टक्के मते आणि २० जागा होत्या. १९९७ साली मते कमी झाली, १६.८ टक्के, पण जागा ४६ झाल्या. जिथे येण्यासारखे होते तिथेच त्यांनी जोर लावला, आणि सरकार पाडायचे म्हणून लोकांनीही त्या त्या जागी कोण जिंकू शकतो ते पाहून मत दिले. पाऊस कमी, पण पडला तो मोजक्या शेतांत.

आपल्या बांधावर

आता आपल्याकडे या. शेतकरी कामगार पक्ष हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा पहिला मोठा पक्ष. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी माणसे त्यात होती. जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. राज्यभर पसरलेला तो पक्ष आकसत गेला आणि टिकला तो मुख्यतः रायगडात आणि सांगोल्यात. सांगोला आपल्यासारखाच कोरडवाहू. तिथून गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले. एक तालुका धरला, आयुष्यभर धरला. हेही वाफशाचेच उदाहरण.

शरद जोशींनी १९८० च्या नोव्हेंबरात ऊस-कांद्याच्या रास्ता रोकोने सरकार हलवले. १९८६ साली चांदवडला लाखो बायाबापड्या जमल्या. तेव्हा संघटनेचा पक्ष नव्हता, आणि सगळे पक्ष संघटनेला भीत होते. १९९० साली जनता दलाच्या साथीने संघटनेची काही माणसे विधानसभेत गेली. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष निघाला. १९९५ साली राज्यात सत्तांतर झाले, ४५ अपक्षसुद्धा निवडून आले, पण शेतकऱ्यांचा हा पक्ष मूठभर जागांच्याही पुढे गेला नाही. २००४ साली एकच आमदार आला, राजुऱ्यातून वामनराव चटप. शरद जोशी त्याच वर्षी राज्यसभेवर गेले, तेही दुसऱ्या पक्षांच्या पाठिंब्यावर. ज्या माणसाच्या एका हाकेवर महामार्ग बंद पडत होते, त्याला त्याच माणसांची मते मिळेनात. का? रस्त्यावर येताना माणूस शेतकरी म्हणून येतो. मतपेटीपाशी जाताना तो जातीचा, भावकीचा, पाहुण्याचा, सोसायटीच्या चेअरमनचा होऊन जातो. राजू शेट्टी २००९ आणि २०१४ साली हातकणंगल्यातून खासदार झाले ते ऊस-दुधाच्या एका घट्ट पट्ट्यावर. २०१९ ला तोही पट्टा सुटला.

ताजे उदाहरण पंजाबचे. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी एक वर्ष बसले. मंचावर एकाही पक्षाला जागा दिली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने तिन्ही कायदे मागे घेतले. लगेच त्यातल्या काही संघटनांनी मोर्चा नावाचा पक्ष करून फेब्रुवारी २०२२ ची पंजाबची निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही. बलबीरसिंग राजेवालांसारख्या ज्येष्ठ नेत्याचीही अनामत गेली. दिल्लीला वाकवलेली माणसे तीन महिन्यांत आपल्याच गावात हरली.

हे मी पुस्तकातूनच सांगतो असे नाही. काही वर्षांपूर्वी आपल्यातला एक जण अपक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या मागे मोटारसायकलवर मीही ४० गावे हिंडलो. रास्ता रोकोला ज्या गावाने दोन ट्रॅक्टर भरून माणसे दिली, त्या गावात आम्हाला ११ मते पडली. मते गेली त्याचे दुःख नाही. पण त्यानंतर दोन वर्षे त्या गावात बैठक लागेना. आम्ही त्यांच्याकडे संशयाने पाहायचो, ते आमच्याकडे पाहायचे टाळायचे. एका निवडणुकीने दहा वर्षांची उठबस मोडली. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

३,२७७ माणसे

तर मग करायचे काय? हात बांधून बसायचे? नाही. बीड जिल्हा पक्षांच्या चौकटीत बसणारा कधीच नव्हता. १९६७ साली या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना, बाहेरच्या जिल्ह्यातल्या कम्युनिस्ट माणसाला, दिल्लीला पाठवले. १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे खासदार झाले, कारण आणीबाणीनंतर विरोधातली मते एका माणसामागे जमली. म्हणजे इथला माणूस मत बदलू शकतो.

आता २०२४ च्या लोकसभेचा आकडा लक्षात ठेवा. बीडची जागा ६,५५३ मतांनी इकडची तिकडे झाली. याचा अर्थ ३,२७७ माणसांनी बटण बदलले असते तर निकाल बदलला असता. कोण जिंकले, कोण हरले याच्याशी मला आज काम नाही. माझे काम ३,२७७ या आकड्याशी आहे. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. तालुक्याला ३०० माणसे धरा. त्या निवडणुकीत जातीचा आकडा प्रत्येक पुढाऱ्याला तोंडपाठ होता. कापसाचा आकडा कोणालाच माहीत नव्हता, कारण तो आपण कधी तयारच केला नाही. त्याच वर्षी कांद्याच्या पट्ट्यात मात्र तो तयार होता. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदी राहिली, आणि दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. कारणे इतरही असतील, पण कांद्याचा राग तिथे एका जागी साचलेला होता हे सगळ्यांनी पाहिले.

म्हणून ठरावाऐवजी माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली. संघटनेने पक्ष काढू नये. जो पदाधिकारी कोणत्याही पक्षाचे पद घेईल त्याने त्या दिवशी संघटनेचे पद सोडावे. वैर नको, पण एका बैलाच्या खांद्यावर दोन जू नकोत.

दुसरी. निवडणुकीच्या सहा महिने आधी प्रत्येक तालुक्यात प्रत्येक उमेदवाराला एकाच मंचावर बोलवावे आणि दोनच प्रश्न विचारावेत. हमीभावाला कायद्याचा आधार देण्याच्या बाजूने तुम्ही आहात का? कापूस आमच्या घरात असताना आयात कर काढला तर तुम्ही पक्षाच्या विरोधात बोलाल का? सही घ्यावी. नुसती सही घेऊन पुढारी विसरतो, हे मला माहीत आहे. म्हणून दर तालुक्यात एक वही ठेवावी. कोण कधी बोलला, कधी गप्प बसला, तारखेसह. पाच वर्षांनी ती वही चावडीवर मोठ्याने वाचावी. सावकाराची वही आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली, एकदा आपली वही त्यांना दाखवू.

तिसरी. लढायचीच खुमखुमी असेल तर सहा विधानसभा नकोत. जिल्हा परिषदेचा एक गट निवडा, जिथे आपण पाच वर्षे भाव, विमा, पाणी यासाठी राबलो आहोत. तिथे लढा. एका शेतात आधी वाफसा येऊ द्या.

या सगळ्यात अवघड सूचना कोणती ते सांगतो आणि थांबतो. ती वही नाही. ३०० माणसे जमवणे आहे, जी ऐन मतदानाच्या आदल्या रात्री, पाहुण्यांचा फोन आल्यावर, जातीचा निरोप आल्यावरही आपल्या कापसाच्या भावासाठी मत हलवतील. पक्ष काढायला एक अर्ज आणि एक झेंडा पुरतो. ही ३०० माणसे मिळवायला गावोगाव हिंडावे लागते. ती मिळाली तर पक्ष काढण्याची गरज राहणार नाही, आणि ती मिळाली नाहीत तर पक्ष काढूनही काही होणार नाही.

ठराव मताला टाकण्याआधी प्रत्येक तालुक्याने आपापल्यात बसावे आणि एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. आपल्या तालुक्यात अशी माणसे आज किती आहेत? खरा आकडा सांगा. १५ असतील तर १५ सांगा. तिथून सुरुवात करू.